तेरा किलोमीटरची रेल्वे

फोनवर नकाशा उघडा आणि बुलढाणा जिल्हा शोधा. जिल्ह्याच्या वरच्या भागातून, पूर्णा नदीच्या खोऱ्यातून, रेल्वेची एक सरळ रेघ जाताना दिसेल. पश्चिमेला मलकापूर, मग नांदुरा, जलंब, शेगाव आणि पुढे अकोला. हा मुंबई–नागपूर–हावडा मार्ग, देशातल्या सगळ्यांत वर्दळीच्या मार्गांपैकी एक. आता जलंबपाशी नकाशा मोठा करा. तिथून एक बारीक फांदी दक्षिणेला वळते, जेमतेम तेरा किलोमीटर जाते आणि खामगावला संपते. त्याच्या पुढे चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. यांतल्या एकाही गावात रूळ नाही. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरातही नाही.

मी खामगावचा. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे कुठलंही जाळं दिसलं की आधी डोळ्यांत भरतात ते नोड आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ज्या नोडला एकच रेष जोडलेली असते त्याला आम्ही पान म्हणतो, झाडाचं पान. तिथून पुढे कुठे जाता येत नाही, आलात तसंच परत फिरायचं. खामगाव हे भारतीय रेल्वेचं असंच एक पान आहे, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ आहे. एवढ्या काळात या फांदीला पुढे पालवी का फुटली नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात करावी लागते प्रवाशांऐवजी कापसापासून.

एक गाडी, एक करार

१६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे चारशे पाहुणे. पाहुण्यांच्या त्या गाडीमुळे एक गोष्ट झाकली जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही कंपनी माणसांची ने-आण करण्यासाठी काढलेली नव्हती. तिच्यामागची मोठी प्रेरणा कापसाची होती. कंपनीची कल्पना घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्या जॉन चॅपमनने १८५१ साली भारतातला कापूस आणि व्यापार याच विषयावर पुस्तक लिहिलं. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होत्या आणि गिरणीमालकांना हे अवलंबित्व टोचत होतं. दख्खनच्या पोटात काळ्या मातीचा कापूस होता. अडचण वाहतुकीची होती.

त्या पहिल्या गाडीनंतर पाचच आठवड्यांनी, २१ मे १८५३ रोजी, हैदराबादच्या निजामाने इंग्रजांशी एक करार केला. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मालकी नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा. कागदोपत्री नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. मुंबई बंदरापासून नागपूरपर्यंतची वाट राजकीयदृष्ट्या मोकळी झाली, आणि या वाटेच्या मधोमध वऱ्हाडची कापसाची काळी जमीन होती.

त्याआधी वऱ्हाडचा कापूस जायचा तो बैलांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे तांडे तो थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत, तिथून नावेने कोलकात्याला. मुंबईकडे न्यायची सुरुवात १८२० च्या दशकात झाली, त्यात विकाजींच्या पारशी पेढीचं नाव ठळक आहे. दोन्ही वाटा महिनोन् महिन्यांच्या. वाटेत पाऊस, धूळ, चोरी. वजन वाढवायला कुणी माती मिसळणार, कुणी पाणी मारणार. गिरणीत पोचेपर्यंत त्या मालाची अब्रू गेलेली असायची.

खामगावचा बाजार साधारण १८२० च्या सुमारास उभा राहू लागला. आधी तूप, सूत आणि थोडा कापूस, आणि मग कापूसच कापूस. घाटाच्या पायथ्याचं गाव असल्यामुळे वरच्या बालाघाटाचा आणि खालच्या पायनघाटाचा, दोन्हीकडचा माल इथे उतरायचा. रेल्वे येण्याच्या आधीच खामगाव वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ झालं होतं. म्हणजे गावाने रेल्वेला बोलावलं. रेल्वे आली म्हणून गाव वसलं, असं इथे घडलेलं नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

रेघ कुठून काढायची

मग मुख्य मार्ग खामगावातूनच का गेला नाही?

रेल्वेला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असल्यामुळे घर्षण फार कमी, म्हणून सपाटीवर एकच इंजिन प्रचंड वजन ओढतं. पण त्याच कारणाने चढावर ते हतबल होतं. सह्याद्रीत जीआयपीला दुसरा पर्यायच नव्हता. तिथे भोर घाटात आणि थळ घाटात ३७ फुटांमागे एक फूट एवढा चढ स्वीकारला गेला, हजारो मजूर राबले आणि त्यांतले कितीतरी दगावले. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाट १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. एकदा घाट चढून खानदेशात उतरल्यावर अभियंत्यांनी सपाट खोरी धरली. भुसावळला मार्ग दुभंगला : एक फाटा खंडव्याकडून उत्तरेला, दुसरा पूर्वेला नागपूरकडे.

या नागपूर फाट्याला पूर्णेचं खोरं आयतंच मिळालं. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, बुलढाणा शहर साडेसहाशेच्या. दोघांच्या मध्ये राजूर घाट. तेव्हा बुलढाण्याला रेल्वे नेण्याचा विचार कुणाच्या मनात येणं अवघडच होतं. खामगाव डोंगरावर नाही, पायथ्याशी आहे, पण नांदुरा ते अकोला या सरळ रेघेपासून ते दक्षिणेला पडतं. शंभर कोसांच्या मार्गात एका बाजारासाठी वाकडं वळण घेणं म्हणजे पुढच्या प्रत्येक गाडीने, कायमचं, जास्त अंतर चालणं. कंपनीने सरळ रेघ पसंत केली. अमरावतीचंही हेच झालं. वऱ्हाडातली दुसरी बडी कापूसपेठ, तिलाही मुख्य मार्गाने टाळलं आणि बडनेऱ्याला स्थानक दिलं.

१८६३ ते १८६७ या काळात भुसावळपासून नागपूरपर्यंतचे टप्पे पूर्ण होत गेले. नेमका हाच काळ पेटलेला होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मुंबईत कापसाच्या भावाने आभाळ गाठलं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल सम्राट झाले, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचं वेड लागलं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि उन्हाळ्यात मुंबईचा फुगा फुटला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. नागपूरपर्यंत रूळ पोचले १८६७ ला, म्हणजे तेजी ओसरल्यावर दोन वर्षांनी. आमच्या क्षेत्रात हे नेहमी दिसतं : गर्दी झाली म्हणून सर्व्हर वाढवायचे आणि ते येईस्तोवर गर्दी निघून जायची. पण सर्व्हर बंद करता येतात, रूळ उखडता येत नाहीत. ते पडले की पुढच्या शंभर वर्षांची शेती, बाजार आणि गावं त्यांच्याभोवती आकार घेतात.

मार्च १८७०

मुख्य मार्ग झाल्यावर खामगावची स्थिती विचित्र झाली. बाजार इथे, रेल्वे तेरा किलोमीटरवर. कापूस बंडीत भरायचा, काळ्या मातीच्या वाटेने जलंबला न्यायचा, उतरवायचा, वाघिणीत चढवायचा. एका बंडीचा एक दिवस त्यात गेलाच. पावसाळ्यात या मातीत चाक आसापर्यंत रुततं, हे वऱ्हाडातल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय माल जितक्या वेळा चढ-उतार होतो तितक्या वेळा तो मळतो, फाटतो, कमी भरतो. शेकडो मैलांच्या प्रवासापेक्षा शेवटचे आठ मैल जास्त त्रास देतात. घरपोच सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला आज हेच दुखणं आहे.

तेव्हाचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. भारतात रेल्वे कशी बांधायची याचं धोरणच त्याच्या काळात बदललं. तोवर पद्धत अशी की खासगी कंपनीने लंडनमध्ये भांडवल उभारायचं आणि सरकारने त्यावर पाच टक्के व्याजाची हमी द्यायची. नफा झाला तर कंपनीचा. तोटा झाला तर भरणार भारतातला करदाता. खर्च आटोक्यात ठेवण्याचं कारणच कुणाला उरत नव्हतं. म्हणून सरकारने स्वतः रेल्वे बांधायचं ठरवलं. या नव्या धोरणाच्या अगदी पहिल्या फळांपैकी एक म्हणजे जलंब–खामगाव. ‘खामगाव स्टेट रेल्वे’ सरकारने बांधली आणि चालवायला जीआयपीकडे दिली. पाठोपाठ १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती झाली. मागणीमागे जोर होता तो हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याचा. त्याचं पद होतं कॉटन कमिशनर. एका पिकासाठी स्वतंत्र आयुक्त, यातूनच सरकारचं लक्ष कुठे होतं ते कळतं.

मार्च १८७० च्या सुरुवातीला लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि त्याने या मार्गाचं उद्घाटन केलं. त्याच दौऱ्यात, ७ मार्चला, जबलपूरला मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा मार्ग पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. देशाची दोन टोकं जोडणं आणि आठ मैलांची फांदी काढणं, ही दोन्ही कामं एकाच आठवड्याच्या अंतरात व्हाइसरॉयच्या हातून व्हावीत, एवढं तेव्हा खामगावचं वजन होतं.

त्या काळाच्या आजूबाजूलाही बघायला हवं. १७ नोव्हेंबर १८६९ : सुवेझ कालवा खुला. फेब्रुवारी १८७० : समुद्राखालची तार मुंबईच्या किनाऱ्याला लागली. मार्च : खामगावला रेल्वे. जून : मुंबई–लंडन तारसेवा सुरू. आठ महिन्यांत कालवा, रूळ आणि तार. आजच्या भाषेत सांगायचं तर माल वाहण्याची क्षमता वाढली आणि निरोप पोचायला लागणारा वेळ जवळजवळ नाहीसा झाला. लिव्हरपूलच्या बाजारात सकाळी काय भाव फुटला हे आता मुंबईच्या पेढीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळू शकत होतं, आणि तिथून खामगावच्या आडत्याला.

पऱ्हाटी निंदणाऱ्या माणसाला मात्र ते कळत नव्हतं. भाव ठरवणारं यंत्र त्याच्या शेतापासून हजारो मैलांवर गेलं, आणि त्याची एक तार त्याच्या गावच्या बाजारात येऊन टेकली. कापूस आपला अन् भाव परक्याचा, ही वऱ्हाडातली जुनी तक्रार आहे. तिला निश्चित तारीख देता येत असेल तर ती १८७० च्या आसपासची देता येईल.

जंक्शन आणि शेवटचं स्थानक

आता स्थानकांच्या रचनेकडे येऊ, कारण रचनेत हेतू वाचता येतो.

जलंब हे जंक्शन. मुख्य मार्ग पूर्व-पश्चिम, फांदी दक्षिणेला. अशा स्थानकाचं खरं काम प्रवाशांना दिसत नाही, ते यार्डात होतं. फांदीवरून आलेल्या वाघिणी बाजूच्या रुळांवर लावायच्या, मुख्य मार्गावरच्या मालगाडीला जोडायच्या, रिकाम्या वाघिणी उलट दिशेने पाठवायच्या. गाव मोठं असण्याची जंक्शनला गरज नसते. म्हणून नावापुढे ‘जंक्शन’ असलेली कितीतरी स्थानकं भारतात माळरानावर आहेत आणि प्रवासी त्यांना नावं ठेवतात. जलंबवरून रोज कितीतरी गाड्या धडधडत जातात, पण बहुतेक थांबत नाहीत.

खामगाव हे टर्मिनस, म्हणजे शेवटचं स्थानक. रूळ इथे संपतात. सीएसएमटी आणि चर्चगेटलाही रूळ संपतात, पण फरक आहे. मुंबईत रूळ संपले कारण पुढे समुद्र होता. खामगावला पुढे अख्खा जिल्हा होता. शेवटच्या स्थानकाचा खर्च असा की आलेलं इंजिन गाडीच्या पुढून सोडवायचं, शेजारच्या रुळावरून मागे आणायचं आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. मुंबईने हा वेळ वाचवला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेल्या विजेच्या लोकलने. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी तिची सुरुवात झाली. तीन मिनिटांत लोकल उलट फिरते ती त्यामुळे. कापसाच्या फांदीला अशी घाई नव्हती. तिला हवा होता मालधक्का, तुळया टाकलेली छपरं, बंड्या वळतील एवढं मोकळं आवार, आणि जवळपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. सरकी काढायची, रुई दाबून गाठ बांधायची आणि गाठ थेट वाघिणीत. आज प्रमाणित गाठ १७० किलोची असते. एवढं वजन एका माणसाने उचलायचं नसतं, म्हणून कारखाना आणि रूळ यांच्यातलं अंतर कमीत कमी ठेवायचं. वऱ्हाडातल्या जुन्या कापूसपेठांमध्ये जिन आणि रेल्वे स्थानक एकाच बाजूला का सापडतात, याचं कारण हे वजन आहे.

तुलनेला दादर घ्या, कारण ते बहुतेकांच्या पायाखालचं आहे. दादरची रचना कुणी एका माणसाने केलेली नाही. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मार्ग शेजारून गेले, प्रत्येकीने आपापलं स्थानक बांधलं, आणि लोकांनी पूल ओलांडून ओलांडून त्याचं एक स्थानक केलं. फलाटांना मात्र दोन्हीकडे एक, दोन, तीन असेच आकडे राहिले. नवखा माणूस एक नंबरला उभा राहायचा आणि त्याची गाडी दुसऱ्या एक नंबरवरून सुटायची. सलग क्रमांक मिळाले ते ९ डिसेंबर २०२३ ला : पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. कंपन्या जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली होती, तरी त्यांची भिंत फलाटांच्या आकड्यांत शिल्लक होती.

सांगायचा मुद्दा हा की रेल्वेत जुने निर्णय मरत नाहीत. दादरला माणसांचा रेटा एवढा होता की त्याने दोन कंपन्यांची चूल एक करून घेतली. खामगावला रेटा गाठींचा होता, आणि गाठींना जलंबपर्यंतच जायचं होतं.

गाठी बाहेर, धान्य महाग

कापसाच्या पैशाने वऱ्हाडात काय झालं? काही गोष्टी चांगल्या झाल्या. पेठा वाढल्या, पेढ्या आल्या, राली ब्रदर्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्यासारख्या युरोपीय कंपन्या मुंबईत बसून न राहता थेट वऱ्हाडात खरेदी करू लागल्या. तुमच्या खोलीत व्होल्टासचा एसी असेल तर त्या नावातला ‘व्होल’ याच व्होल्कार्टचा आहे. टाटा आणि व्होल्कार्ट यांनी १९५४ मध्ये मिळून ती कंपनी काढली. जमशेदजी टाटांनीही आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपूरला काढली, १ जानेवारी १८७७ रोजी. कारण तेच, कापूस हाताशी आणि रेल्वे दाराशी.

पण जमिनीचा वाढता हिस्सा कापसाखाली गेला आणि ज्वारीचा कमी झाला. घरात पेव भरून ठेवायची जुनी रीत मोडली, कारण पीक विकून रोकड आणायची आणि रोकडीने धान्य घ्यायचं अशी नवी रीत आली. पाऊस आणि भाव दोन्ही बरे असतील तोवर ही रीत चालते. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये पाऊस नव्हता. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या जवळजवळ २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं आहे. दोन शब्द शेजारी ठेवून शीर्षक करावं लागलं, यातच सगळं आलं.

रेल्वेने दुष्काळात धान्य आणलं, हेही खरं आहे. पण धान्य रेल्वेने जसं येतं तसंच ते जास्त भाव असेल तिकडे जातंही. विकत घ्यायला पैसे नसलेल्या माणसासमोरून धान्याची वाघीण गेली काय आणि न गेली काय. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेमुळे दुष्काळ वाढले असं लिहिलं तेव्हा अनेकांना तो अतिरेक वाटला, आजही वाटतो. मी स्वतः रेल्वेच्या विरोधात नाही. पण वऱ्हाडचे आकडे पाहिल्यावर ते वाक्य हसण्यावारी नेता येत नाही.

वंजाऱ्यांच्या तांड्यांचंही नाव घ्यायला हवं. बैलांच्या पाठीवर देशभर माल नेणारा हा समाज रेल्वेने एका पिढीत व्यवसायातून हुसकला. रुळांच्या इतिहासात इंजिनांची नावं राहिली, त्या बैलांच्या वाटांची राहिली नाहीत.

शेगाव पुढे गेलं

खामगाव १८७० मध्ये बुलढाणा जिल्ह्यात नव्हतंच. ते अकोला जिल्ह्यात होतं; १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. मलकापूरकडचा भाग सोडला तर बुलढाणा जिल्ह्याला रेल्वे मिळाली ती मुख्यतः सीमा सरकल्यामुळे.

दरम्यान मुख्य मार्गावर, जलंबच्या पुढच्याच मोठ्या स्थानकाशी, वेगळंच काही घडत होतं. शेगावला १८७८ मध्ये गजानन महाराज प्रकट झाले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. भक्तांचा ओघ सुरू झाला तो आजतागायत. शेगाव मुख्य मार्गावर असल्याने मुंबईहून किंवा नागपूरहून निघालेला माणूस गाडी न बदलता दर्शनाला उतरू शकत होता. रेल्वे कंपनीने हे काही ठरवून केलेलं नव्हतं. तिने कापसासाठी सरळ रेघ आखली होती. त्या रेघेवरचं एक छोटं गाव तीर्थक्षेत्र झालं आणि जिल्ह्यातल्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांत गेलं.

याचा परिणाम आम्हा खामगावकरांना रोज दिसतो. गावात रेल्वे स्थानक आहे, तरी मुंबई-पुण्याची गाडी पकडायला आम्ही रस्त्याने शेगावला जातो, नाहीतर नांदुऱ्याला किंवा मलकापूरला. ज्या स्थानकासाठी व्हाइसरॉय आला त्याच्यासमोरून रिक्षा दुसऱ्या गावच्या स्थानकाकडे निघते. गंमत म्हणजे धुळे–नागपूर महामार्गाने मुख्य रेल्वेच्या अगदी उलट निवड केली. तो खामगावातूनच गेला. ट्रक आले आणि गाठी रस्त्याने जाऊ लागल्या, तेव्हा फांदीचं मूळ कारणच संपलं. जलंब–खामगाव गाडी उरली ती थोड्या प्रवाशांची, मुख्य मार्गावरच्या गाडीशी वेळ जुळली तर उपयोगी, न जुळली तर नाही.

शेवटचं स्थानक, की मधलं

आता मूळ प्रश्न. ही फांदी पुढे का वाढली नाही?

खामगाव–चिखली–देऊळगाव राजा–जालना असा मार्ग व्हावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. अंतर सुमारे १६० किलोमीटर. सर्वेक्षणं झाली, आश्वासनं झाली, मोर्चे झाले. दर निवडणुकीत हा मार्ग भाषणात येतो. न होण्याची कारणं सगळी राजकीय नाहीत, काही त्या जुन्या रचनेतच आहेत.

पहिलं कारण डोंगर. खामगावच्या दक्षिणेला लगेच अजिंठ्याच्या रांगेचा चढ लागतो. १८६० च्या दशकात जो खर्च टाळण्यासाठी रेघ खोऱ्यातून गेली, तो खर्च या मार्गात अटळ आहे.

दुसरं कारण सरहद्द. जालन्याला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, हैदराबाद–मनमाड मार्गाने, निजामाच्या राज्यातून. ती मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची. जलंब–खामगाव ब्रॉडगेज, साडेपाच फुटांची. खामगाव इंग्रजी अमलाखाली, जालना निजामाच्या. दोन राज्यं, दोन कंपन्या आणि दोन रुंद्या यांच्या मधला हा पट्टा. जोडलं असतं तरी मध्ये कुठेतरी सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागला असता. स्वातंत्र्यानंतर सरहद्द गेली, १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले, विसाव्या शतकाच्या अखेरीस मनमाड–जालना मार्गही ब्रॉडगेज झाला. तांत्रिक अडथळा संपला. पण तोवर मधल्या पट्ट्याला रेल्वेशिवाय जगायची सवय लागली होती आणि ‘इथे वाहतूक किती मिळेल’ हा प्रश्न विचारणं सोपं झालं होतं.

हा तिसरा अडथळा मला सर्वांत अवघड वाटतो. जिथे रेल्वे नाही तिथली रेल्वेची मागणी आकड्यांत दिसत नाही. चिखलीहून कुणी तिकीट काढत नाही, कारण चिखलीला तिकीटखिडकीच नाही. मग आकडा शून्य येतो, शून्यावरून परतावा काढला जातो आणि प्रकल्प मागे पडतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो : जे बटण ॲपमध्ये नाही ते कुणी दाबत नाही, आणि कुणी दाबत नाही म्हणून ते द्यायची गरज नाही असं ठरवतो. लॉर्ड मेयोच्या सरकारने खामगावला असा प्रश्न विचारला नव्हता. बाजार आहे, माल आहे, बंड्या रुतताहेत, एवढं पुरेसं मानून तेरा किलोमीटर रूळ टाकले. कारण त्या मालाच्या दुसऱ्या टोकाला मँचेस्टर होतं.

आज या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? चिखलीहून पुण्याला शिकायला जाणारी मुलं आहेत, लोणारचं सरोवर पाहायला येणारे लोक आहेत, सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी जमणारी गर्दी आहे, सोयाबीन विकणारे शेतकरी आहेत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या रांगा पाहिल्या तरी वाहतूक आहे की नाही याचं उत्तर मिळतं. फक्त ते रेल्वेच्या वहीत नोंदलेलं नसतं.

जालन्याचा मार्ग झालाच तर एक बारीक गोष्ट घडेल जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जाणार नाही. खामगावच्या स्थानकातला रुळांचा शेवटचा अडसर काढावा लागेल. ज्या ठिकाणी १८७० पासून प्रत्येक इंजिन थांबलं आणि उलट फिरलं, तिथून पहिलं इंजिन सरळ पुढे जाईल. तोवर वेळापत्रकात खामगाव शेवटचं स्थानक राहील, आणि जिल्ह्याचा उरलेला भाग त्याच्या पलीकडे.